प्रबंध आधी गावात वाचू द्या

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे पदव्युत्तर विभागप्रमुख, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य यांना,

स. न. वि. वि.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात आल्यावर खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतल्या घरांमध्ये कामाची, पैशाची आणि निर्णयाची वाटणी कशी बदलली, हा माझा विषय. हे पत्र कुणा एका विभागाविरुद्ध नाही. या दोन जिल्ह्यांत संशोधन करणारे आणि करवून घेणारे आपण सगळेच जी एक गोष्ट वर्षानुवर्षं सोडून देत आलो, ती आता नियमात बसवावी, एवढ्यासाठी लिहिते आहे.

प्रबंध जमा करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं आणि ते विभागातल्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना खुलं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत तशी तरतूदच आहे. माझी मागणी अशी, की तसंच एक सादरीकरण, त्याच्याही आधी, ज्या गावांतून माहिती घेतली त्या गावांत व्हावं. मराठीत, गावाच्या सोयीच्या वेळी, आणि ऐकणाऱ्याला हरकत घेता येईल अशा रीतीने. कुणी काय हरकत घेतली आणि संशोधकाने तिचं काय केलं, हे प्रबंधात एका प्रकरणात लिहिलेलं असावं. एम.ए.च्या प्रकल्पालाही हेच लागू करा, थोडक्या प्रमाणात.

आटपाडीच्या पूर्वेकडच्या एका गावात प्रश्नावली काढून बसले होते, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "गेल्या सालाला बी एक पोरगा आल्ता. असलंच कागूद घिऊन. किती एकर, किती जनावरं, सोसायटीचं किती, समदं लिवून न्हेलं त्यानं. त्याचं म्होरं काय झालं गं?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. असा प्रश्न या भागात फिरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुणी ना कुणी विचारलेला आहे आणि माझ्या माहितीतल्या एकाही विद्यार्थ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आम्ही काय घेऊन जातो, ते आधी बघा. उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने सोसायचा असं धोरण आहे. शेतकऱ्याच्या वाट्याची पाणीपट्टी पुष्कळदा कारखान्याकडून उसाच्या बिलातूनच कापून घेतली जाते. मग ज्याच्या रानात ऊस नाही, डाळिंब आहे किंवा नुसती ज्वारी आहे, त्याचा हिशोब कसा? आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं तर शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ते कितव्या दिवशी पोचतं? वरच्या गावाला किती दिवस मिळालं? प्रत्येकाला आपल्या वावरापुरतं ठाऊक असतं. सगळ्या वस्त्यांचं, सगळ्या गावांचं एकत्र असं फक्त आमच्या वहीत असतं. माहिती त्यांची, वेळ त्यांचा, चहासुद्धा त्यांचाच, आणि त्यातून तयार झालेलं एकत्र चित्र मात्र त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसतं: मार्गदर्शकांना, बाहेरच्या परीक्षकांना, गांधीनगरच्या शोधगंगेला, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाला. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत तो एक तक्ता हातात असता तर शेवटच्या शेतकऱ्याला नुसतं "आमच्यापर्यंत येत नाही" असं ओरडत बसावं लागलं नसतं.

हे आजच का मांडते आहे, तर आता प्रश्न विचारायला जाणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तरच्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक आहेत आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला आधी ४, मग ६. म्हणजे एम.ए., एम.कॉम.चा प्रत्येक विद्यार्थी आता संशोधक झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्या सगळ्यांनी त्याच रस्त्याकडेच्या गावांत, त्याच शंभर-दोनशे घरांत प्रश्नावल्या वाटल्या आणि पुढे काहीच कळवलं नाही, तर थोड्याच वर्षांत दार उघडणारं कुणी उरणार नाही. आणि आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्टही इथे बोलली पाहिजे: काही प्रश्नावल्या गावात जातच नाहीत, वसतिगृहाच्या खोलीत भरल्या जातात. उचलेगिरी पकडायला सॉफ्टवेअर आलं, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला माफी आणि त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. कल्पनेने भरलेली प्रश्नावली मात्र त्या सॉफ्टवेअरला शंभर टक्के अस्सल वाटते. जिथे कधी गेलोच नाही त्या गावात जाऊन निष्कर्ष वाचून दाखवायची हिंमत कुणी करणार नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा नियम करण्यासारखा आहे.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. गाव आमच्या चुका पकडतं.

आमचं वेळापत्रक सत्रावर चालतं. परीक्षा संपल्या की मे महिन्यात, नाहीतर दिवाळीनंतर, असं क्षेत्रकार्य ठरतं. या भागातली माणसं मात्र वेगळ्या वेळापत्रकावर जगतात. खानापूर-विट्याकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. एखाद्या आडगावच्या गल्लीत विचारलं तर एकाचा मुलगा तमिळनाडूत, दुसऱ्याचा केरळात, तिसऱ्याचा उत्तर प्रदेशात. ही घरं उघडतात ती यात्रेला, लग्नसराईला, फार तर दिवाळीत. मेंढपाळ दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. जतकडच्या आणि माणच्या ऊसतोड टोळ्या गळीत हंगामभर कारखान्याच्या तळावर असतात. म्हणजे जानेवारीत पाहणी केली तर मेंढपाळ आणि तोडकरी सुटले. मे महिन्यात केली तर तोडकरी भेटले, गलाईवाल्यांतला एखादा लग्नाला आलेला भेटला, मेंढपाळ अजून वाटेवर. प्रबंधात मात्र आपण लिहितो, "यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला." निवडला तो त्या महिन्यात घरी असलेल्यांमधून. त्यातही प्रश्नावलीतला "कुटुंबप्रमुख" बहुतेक वेळा ओट्यावर बसलेला पुरुष असतो. पाण्याची पाळी रात्री दोनला आल्यावर बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेली बाई त्या वेळी आत भाकऱ्या थापत असते.

हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. स्थलांतराचे माझे कच्चे आकडे मी गावातल्या काही बायकांना दाखवले, तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की यात अमुक वस्ती नाही, तमुक आळी नाही, ती माणसं आत्ता इथं नसतात. संख्याशास्त्राच्या कसोटीत ती चूक दिसली नसती. 'काय-वर्ग' या त्या कसोटीची किंमत अगदी व्यवस्थित येत होती. बाहेरच्या परीक्षकांनाही ती दिसली नसती, कारण त्यांना या भागाचा हंगाम ठाऊक असायचं कारण नाही. संशोधनाची तपासणी त्या विषयातल्या जाणकाराने करावी हे तत्त्व आपण मानतो. माझ्या विषयातल्या अर्ध्या गोष्टींचे जाणकार आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर राहतात.

ही मागणी या मातीला नवखी नाही. येरळेच्या काठची बलवडी आणि तांदुळवाडी आपल्याला माहीत असतीलच. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात तिथल्या, मुक्ती संघर्ष चळवळीतल्या माणसांनी नदीतला वाळूउपसा आणि आटणाऱ्या विहिरी यांचा संबंध जोडला, के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांना सोबत घेतलं, आणि त्याच वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करून बळीराजा स्मृती धरण बांधलं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, हा विचार तिथून पुढे आला आणि आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यात पोचला. आज टेंभूच्या पाण्यावर प्रबंध लिहिणारे आम्ही "समन्यायी" हा शब्द संदर्भ देऊन वापरतो. तो ज्यांनी घडवला त्यांची मुलं-नातवंडं अजून तिथेच राहतात, त्यांना आमचं प्रकरण वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आणि गेल ऑम्वेट. १९७० च्या सुमारास त्या बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी म्हणून ब्राह्मणेतर चळवळीवरच्या प्रबंधासाठी महाराष्ट्रात आल्या. मराठी शिकल्या, जुनी कागदपत्रं वाचली, गावोगाव माणसांना भेटल्या. १९७३ मध्ये पीएच.डी. मिळाली. इतर परदेशी अभ्यासकांसारखं तिथे थांबता आलं असतं. त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावला येऊन राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं तेही कासेगावातच. प्रत्येक विद्यार्थ्याने असं आयुष्य द्यावं असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. पण ज्या माणसांकडून शिकलो त्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडत राहायचं, त्यांच्याशी वाद घालायचा, हे त्यांनी याच जिल्ह्यात राहून चाळीसहून अधिक वर्षं केलं. आपल्या विभागांत त्यांच्या पुस्तकांवर टिपणं काढायला सांगतात. त्यांच्या कामाची ही रीतही शिकवली जावी.

उलट बाजूचं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाचा जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं. त्या खोऱ्यात ३ किलोमीटर खोल विवर खोदून अभ्यास झाला, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. फार मोलाचं काम आहे हे. पण जेवढं इंग्रजीत लिहिलं गेलं त्या मानाने पाटण खोऱ्यातल्या शाळामास्तराला मुलांना वाचून दाखवता येईल असं मराठीत किती आहे? भूगोल आणि भूशास्त्राच्या विभागांनी दर वर्षी एका प्रबंधाचं जरी सोपं मराठी टिपण केलं असतं, तरी एव्हाना पाटणच्या वाचनालयात एक कपाट भरलं असतं.

आता नीतिमत्तेच्या शिक्षणाविषयी. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय सक्तीचा आहे. मी तो मनापासून शिकले. त्यात तत्त्वज्ञान आहे, वैज्ञानिक वर्तन आहे, प्रकाशनातले गैरप्रकार, फसवी नियतकालिकं, डेटाबेस, उद्धरणांची मोजणी, सगळं आहे. ज्याच्या दारात जाऊन बसायचं त्या माणसाशी कसं वागायचं, त्याला काय सांगायचं आणि काय परत द्यायचं, याला स्वतंत्र घटक नाही. शोधनिबंधाच्या लेखकांचा क्रम कसा लावायचा हे आम्हाला कळलं. ज्या बाईने तीन तास बसून आपल्या कर्जाचा सगळा इतिहास सांगितला, तिचं देणं कसं फेडायचं हे आमचं आम्हीच शोधायचं.

वेळ कुठून आणायचा, असं आपण विचाराल. तो मोकळा झालेला आहे. प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. तरीही कित्येक ठिकाणी "एक-दोन पेपर तरी हवेत" हा आग्रह तसाच आहे, आणि त्यापायी विद्यार्थी पैसे भरून कुठल्यातरी नियतकालिकात आठ पानं छापून आणतात. ती आठ पानं कोण वाचतं? तेच पैसे एसटीला लावले, तोच महिना गावात परत जायला दिला, तर प्रबंध नक्की सुधारेल.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली त्याला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. आमच्यातले बहुतेक तासिका तत्त्वावर शिकवतात, नाहीतर घरच्या शेतीवर अवलंबून असतात. दुसऱ्यांदा गावात जायचं तर प्रवासखर्च महाविद्यालयाने द्यावा, परिसंवादांना जो निधी असतो त्यातूनच द्यावा. मार्गदर्शकांवरचं ओझंही मला दिसतं. सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगीकडे ६ आणि प्राध्यापकाकडे ८ विद्यार्थी असू शकतात, वर तास, वर मूल्यांकनाच्या फायली. म्हणूनच हे कुणाच्या चांगुलपणावर सोडू नका. नियम असला की विद्यार्थी ते पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरेल.

एका धोक्याचा विचार आपण माझ्याहून बारकाईने केला पाहिजे, तो म्हणजे गुप्ततेचा. लहान गावात नाव गाळलं म्हणून माणूस लपत नाही. "तीन एकर, एक विहीर, थोरला गलाईत, धाकट्याचं लग्न जमेना" एवढं वाचलं की सगळी सभा एकाच घराकडे वळून बघेल. कालव्यावर चोरून टाकलेल्या मोटारी, सावकाराचं देणं, जातीवरून पाण्याला केलेला अटकाव, हे नावाशिवायही गावात वाचणं घातक ठरू शकतं. त्यासाठी काही गोष्टी ठरवाव्या लागतील. थोड्याच घरांत आढळलेली बाब वेगळी काढून दाखवायची नाही, नाजूक आकडे चार-पाच गावांचे एकत्र करूनच मांडायचे, एखाद्या घराची हकिगत सविस्तर यायची असेल तर आधी त्या घराला एकट्याने वाचून दाखवायची आणि ते नको म्हणाले तर काढायची. मुलाखत घेतानाच सांगायचं की हे पुढे गावात मांडलं जाणार आहे. त्याने काही जण हातचं राखून बोलतील, ते सोसावं लागेल.

दबावही येईल. ग्रामसभेत बोलणारे ठरावीक असतात, आणि पाण्याचा विषय निघाला की कारखाना, सोसायटी, पक्ष सगळे जागे होतात. संशोधकाने निष्कर्ष बदलावा असं कुणी सांगितलं तर विद्यार्थ्याच्या पाठीशी समितीने उभं राहिलं पाहिजे, लेखी. हरकत नोंदवायची म्हणजे ती मान्य करायची असं नाही. शिवाय गाव म्हणजे एकच सभा नव्हे. बौद्धवस्तीत वेगळं बसावं लागेल, बचत गटाच्या बैठकीत दुपारी वेगळं, मेंढपाळांच्या वाड्यावर ते माघारी आल्यावर वेगळं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात फोटो काढून एका दिवसात उरकायचा हा कार्यक्रम झाला तर तो न झालेला बरा.

लिपीची एक छोटी बाब, पण ती राहायला नको. मराठीतले कितीतरी जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेले आहेत. त्यांतला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर भलतीच चिन्हं उमटतात, आणि शोधायला गेलं तर गावाचं नावही सापडत नाही. यापुढे प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्ये असावा, इंग्रजीत असेल तर त्याला दहा-बारा पानांचा मराठी गोषवारा असावा, आणि त्याची बांधीव प्रत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जावी. साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ पासून उभं आहे. पुस्तकं जपायची सवय या भागाला आहे, आपण ती पोचवायची.

पुढच्या सत्राच्या समिती बैठकीत हा विषय घ्यावा. सगळ्या विभागांना एकदम जमणार नसेल तर समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल या तीन विषयांपासून सुरुवात करा, तीनच्या तीन विषयांचे विद्यार्थी याच गावांत फिरत असतात.

माझ्या प्रबंधाची स्थलांतराची आणि पाणीपट्टीची प्रकरणं मी खरसुंडीच्या पौषी यात्रेच्या सुमारास, गलाईची माणसं घरी असताना, आटपाडी तालुक्यात वाचणार आहे, आणि मेंढरं परतल्यावर आषाढात पुन्हा एकदा. माझ्या मार्गदर्शकांनी यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक समितीतून एक सदस्य यावा अशी विनंती आहे. प्रश्न गावकरी विचारतील, आपण फक्त शेवटी विचारा. विट्याहून आटपाडीला एसटी आहे, तिथून पुढे न्यायची सोय मी करते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
समाजशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी,
जि. सांगली